'ओडेसा फाइल' आणि आमची वही

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'न्यायालय आणि कार्यकर्ती' असा छापला आहे. मी मात्र बोलणार आहे एका रहस्यकथेबद्दल. संयोजक ताईंना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "चालेल, जेवणानंतरचं सत्र आहे, निदान कोणी झोपणार तरी नाही." तर झोपू नका. कोर्टापर्यंत मी येणारच आहे, पण जरा लांबच्या रस्त्यानं.

आमच्या समुपदेशन केंद्रात शनिवारी दुपारी चार ते साडेपाच वाचन असतं. दहा-बारा जणी येतात. अंगणवाडीच्या ताई, घरकाम करणाऱ्या दोघी-तिघी, एक निवृत्त शिक्षिका, सरकारी कचेरीत तीस वर्षं टंकलेखिका म्हणून काम केलेल्या एक काकू, आमची वकील मैत्रीण, आणि ज्यांच्या केसेस चालू आहेत अशा काही जणी. आम्ही आत्मचरित्रं वाचली, आरोग्याची पुस्तकं वाचली, कायद्याच्या पुस्तिका तर पाठ झाल्या. एका शनिवारी अंगणवाडीच्या ताई वैतागून म्हणाल्या, "दर आठवड्याला डोळे पुसत घरी जायचं का? एकदा असं काही काढा, की पुढं काय झालं म्हणून झोप येऊ नये."

माझ्याकडे एम.एस.डब्ल्यू.च्या वेळी फुटपाथवर वीस रुपयांत घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. वरचं कव्हर गेलेलं. फ्रेडरिक फोर्सिथची 'द ओडेसा फाइल', १९७२ सालची. हे फोर्सिथ २०२५ च्या जूनमध्ये वारले. मी आठवडाभर वाचायचं आणि शनिवारी मराठीतून सांगायचं, असं ठरलं. पाच शनिवार चाललं. खरं सांगते, हजेरी एवढी कधीच नव्हती. एक ताई तर नणंदेलाही घेऊन आल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. २२ नोव्हेंबर १९६३. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात पीटर मिलर नावाचा तरुण पत्रकार आपल्या जॅग्वार गाडीतून चाललाय. केनेडींची हत्या झाल्याची बातमी रेडिओवर लागते, तो गाडी बाजूला घेतो. तेवढ्यात एक रुग्णवाहिका जाते, तो तिच्या मागे जातो. एका म्हाताऱ्या ज्यू माणसानं गॅस सोडून जीव दिलेला असतो. सॉलोमन टाउबर त्याचं नाव. मागे कोणी नाही, आहे ती एक डायरी. युद्धाच्या काळात लॅटव्हियातल्या रिगा शहरात ज्यूंना कोंडलं होतं, तिथं जे घडलं ते सगळं त्यानं लिहून ठेवलंय. तिथला प्रमुख, एडुआर्ड रोशमान, 'रिगाचा खाटीक', जिवंत आहे आणि जर्मनीतच उजळ माथ्यानं फिरतोय, हेही त्याला कळलेलं असतं. पोलिसात तक्रार करून काही उपयोग नाही हेही कळलेलं असतं. मिलर ती डायरी वाचतो आणि रोशमानच्या मागावर निघतो. नाझी अधिकाऱ्यांना खोटी नावं, खोटे पासपोर्ट पुरवणारी 'ओडेसा' नावाची गुप्त संघटना त्याच्या मागे लागते. शेवटी त्याच्या हाती जी फाइल लागते ती कोणाची? खोटे पासपोर्ट छापणाऱ्या माणसाची. उद्या आपल्याला कोणी दगा दिला तर हाताशी असावं म्हणून त्यानं प्रत्येकाचा फोटो आणि नवं नाव जपून ठेवलेलं असतं.

इथपर्यंत सगळ्या मिलरच्या बाजूनं. पण शेवटच्या शनिवारी भांडण झालं. कारण शेवटी मिलर रोशमानसमोर उभा राहतो तेव्हा कळतं, की तो टाउबरसाठी आलेलाच नाही. त्याचे वडील जर्मन सैन्यात कॅप्टन होते, १९४४ साली रिगाच्या बंदरात रोशमाननं त्यांना गोळी घातली होती. डायरीतल्या एका उताऱ्यावरून मिलरनं ते ओळखलेलं असतं.

"बाप निघाला शेवटी!" शिक्षिकाबाई टाळी देत म्हणाल्या. त्यांना ते फार आवडलं.

अंगणवाडीच्या ताई भडकल्या. "म्हणजे त्या म्हाताऱ्यानं एवढं लिहून ठेवलं, त्याची बायको त्याच्या डोळ्यासमोर गॅसच्या गाडीत घातली, हजारो माणसं मारली, ते काहीच नाही? बाप मेला नसता तर यानं गाडीच काढली नसती?"

बाई म्हणाल्या, "त्यात वाईट काय आहे? माणूस आपल्या माणसासाठीच पेटून उठतो."

मग बराच वेळ गप्प बसलेली एक जण बोलली. तिची केस आमच्याकडे तीन वर्षं चालू आहे. ती म्हणाली, "माझ्या वेळी माझा भाऊ उठला नाही. या ताई उठल्या. या माझ्या कोण लागत होत्या?"

त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. मलाही ओशाळल्यासारखं झालं, कारण ती ज्या 'ताई' म्हणाली त्यांच्याबद्दल मला पुढं एक कबुली द्यायची आहे. कादंबरीपुरतं बोलायचं, तर मला वाटतं फोर्सिथनं तिथं सोपा रस्ता धरला. परक्याच्या दुःखासाठी एवढा जीव धोक्यात घालणारा नायक वाचकाला खरा वाटणार नाही, अशी त्याला धास्ती वाटली असावी. पुस्तकातल्या बायकांबद्दल फार बोलण्यासारखं नाहीच. मिलरची मैत्रीण आहे, क्लबमध्ये नाचणारी. तिनं वाट पाहायची आणि लग्नाचं विचारायचं. "याचा डबा कोण करतं?" असं कोणीतरी विचारलं, तेवढीच त्यावर चर्चा.

पुढचा प्रश्न साहजिकच आला. यातलं खरं किती?

मी शोधायला बसले आणि गोष्ट कादंबरीपेक्षा मोठी निघाली. रोशमान खरा होता. ऑस्ट्रियाचा माणूस, १९४३ पासून रिगाच्या वस्तीचा प्रमुख. नाझींचा माग काढणारे सायमन वीझेन्थाल यांनी फोर्सिथला मदत केली होती, कादंबरीत ते स्वतः एक पात्र म्हणूनही येतात. १९७४ मध्ये सिनेमा निघाला, रोशमानचं नाव जगभर झालं. तो तेव्हा अर्जेंटिनात खोट्या नावानं राहत होता. जर्मनीनं त्याची मागणी केली, तो १९७७ मध्ये पॅराग्वेत पळाला आणि ऑगस्टमध्ये तिथं मेला. खटला झालाच नाही. म्हणजे कादंबरीनं त्याला बिळातून बाहेर काढलं, पण पिंजऱ्यात उभं करू शकली नाही.

'ओडेसा' मात्र तशी होती असं इतिहासकार मानत नाहीत. सगळ्या जगावर जाळं टाकून बसलेली एकच गुप्त संघटना नव्हती. पळून जायला मदत झाली ती अनेक हातांनी. काही धर्मगुरू, त्यात रोममधले एक ऑस्ट्रियन बिशप आलॉइस हुडाल अगदी उघडपणे. रेड क्रॉसची प्रवासाची कागदपत्रं, जी फारशी चौकशी न करता मिळत. कुठल्या तरी देशाला हवे असलेले तंत्रज्ञ, हेर. आणि 'जाऊ द्या, झालं ते झालं' म्हणणारे शेजारी, न्यायाधीश, पोलिस. माझ्या मते हे गुप्त संघटनेपेक्षा भयंकर आहे. गुप्त संघटना असेल तर एखादा मिलर ती फोडेल. शेजाऱ्यांचं काय करायचं?

रिगाचं खरं काय ते सांगते. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१, या दोन दिवसांत रिगाजवळच्या रुंबुलाच्या जंगलात सुमारे २५,००० ज्यू मारले गेले. त्यातून वाचलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. त्यात फ्रिडा मिखेलसन ही शिवणकाम करणारी तरुणी होती. खड्ड्याकडे नेताना तिनं स्वतःला बर्फात पालथं झोकून दिलं आणि मेल्यासारखी पडून राहिली. मारायला नेलेल्या माणसांना बूट काढून टाकायला लावत होते. ते बूट तिच्या अंगावर पडत गेले, ढीग झाला, आणि त्या ढिगाखाली ती रात्र होईपर्यंत राहिली. पुढं तिनं ते लिहून काढलं. हे मी सांगितलं तेव्हा घरकाम करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "मग गोष्ट हिची का नाही लिहिली?"

मावशींच्या त्या प्रश्नानं माझं पुढचं वाचन ठरवलं. मी बायका शोधायला लागले. शोधाव्या लागल्या नाहीत, पावलोपावली भेटल्या.

आइकमानचं नाव तुम्ही ऐकलं असेल. लाखो ज्यूंना छळछावण्यांत पाठवण्याची व्यवस्था लावणारा. इस्रायलच्या हेरांनी त्याला ११ मे १९६० रोजी ब्युनॉस आयरिसमध्ये पकडलं, त्यावर सिनेमे आले. पण तो तिथं आहे हे कळलं कसं? सिल्व्हिया हर्मन नावाच्या शाळकरी वयाच्या मुलीची एका मुलाशी ओळख झाली, त्यानं आडनाव आइकमान सांगितलं. तिचे वडील डाखाउच्या छळछावणीत राहिलेले, पुढं आंधळे झालेले. त्यांना नाव ओळखीचं वाटलं. त्यांनी जर्मनीतले सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांना कळवलं. आणि खात्री करायला त्या घराचं दार वाजवलं ते त्या मुलीनं, एकटीनं. घरातल्या माणसाशी ती बोलून आली. हातात बंदूक नाही, जॅग्वार नाही.

दुसरी बेआटे क्लार्सफेल्ड. ही जर्मन, ज्यू नाही. १९३९ चा जन्म. पॅरिसमध्ये एका कुटुंबात मुलं सांभाळायला गेली होती, तिथं सर्जशी ओळख झाली, लग्न झालं. सर्जचे वडील आउशविट्झमध्ये मारले गेलेले. १९६६ मध्ये पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर झाला कीसिंगर, जो नाझी पक्षाचा जुना सभासद आणि युद्धकाळात परराष्ट्र खात्याच्या रेडिओ प्रचारात होता. बेआटेनं त्याच्याविरुद्ध लिहिलं, नोकरी गेली. ७ नोव्हेंबर १९६८ रोजी बर्लिनमध्ये त्याच्या पक्षाच्या अधिवेशनात ती व्यासपीठावर गेली आणि तिनं त्याला थोबाडीत मारली. त्याच दिवशी तिला एक वर्षाची शिक्षा झाली, पुढं ती कमी होऊन स्थगित झाली. हे ऐकून आमच्या केंद्रात टाळ्या पडल्या. वकील मैत्रीण म्हणाली, "टाळ्या वाजवा, पण हे उद्या तुम्ही करू नका, जामीन मलाच घ्यावा लागेल."

मला स्वतःला थोबाडीपेक्षा पुढचा प्रसंग जास्त मोठा वाटतो. फ्रान्समधल्या ल्याँ शहरात गेस्टापोचा प्रमुख होता क्लाउस बार्बी. युद्धानंतर अमेरिकेच्या लष्करी गुप्तचर खात्यानंच त्याला कामाला ठेवलं आणि दक्षिण अमेरिकेत पोचवलं. बोलिव्हियात तो 'आल्टमान' नावानं धंदा करत होता. क्लार्सफेल्ड पतिपत्नींनी त्याला हुडकलं. १९७२ मध्ये बेआटे तिथं गेली ती एका आईला बरोबर घेऊन. इता-रोझा हालाउनब्रेनर. या बाईंचा नवरा, मोठा मुलगा आणि दोन लहान मुली बार्बीनं मारल्या होत्या. मुली इझ्यू गावातल्या बालगृहात लपवलेल्या होत्या. ६ एप्रिल १९४४ रोजी तिथून ४४ मुलं उचलली. मिना आठ वर्षांची, क्लोदिन पाच. ला पाझ शहरात बार्बीच्या कंपनीच्या कचेरीसमोर या दोघी बाकाला साखळीनं स्वतःला बांधून बसल्या. मोर्चा नाही, मागे माणसं नाहीत. परक्या देशात, परक्या भाषेत, हुकूमशाही राजवटीत दोघी जणी बाकावर.

बार्बी हाती यायला आणखी ११ वर्षं गेली. १९८३ मध्ये त्याला फ्रान्समध्ये आणलं, १९८७ मध्ये खटला चालला, जन्मठेप झाली. आता दोन गोष्टी नीट ऐका. इझ्यूची मुलं उचलल्याचं कळवणारी तार होती, तिच्यावर तारीख होती आणि बार्बीची सही होती. तो कागद जपलेला होता. आणि साक्षीला बायका आल्या. बालगृह चालवणाऱ्या साबिन झ्लातिन, वय ऐंशीच्या घरात. मुलांबरोबर आउशविट्झला गेलेल्या आणि एकट्याच परत आलेल्या लेआ फेल्डब्लुम. प्रतिकार चळवळीतल्या लीझ लसेव्र, ज्यांचा बार्बीनं छळ केला होता. सिमोन लाग्रांज, ज्यांना त्यानं १३ वर्षांच्या असताना मारलं होतं. आणि आरोपी? तो सुरुवातीलाच म्हणाला मी कोर्टात बसणार नाही, आणि बहुतेक दिवस त्याचा बाक रिकामाच होता. ४३ वर्षं थांबून आलेल्या बायकांनी रिकाम्या बाकासमोर साक्ष दिली.

कादंबरीत हे कुठंच नाही. तिथं पाठलाग आहे, झटापट आहे, गाडीखाली लावलेला बॉम्ब आहे. साक्ष नाही. खरं म्हणजे साक्ष सांगायला कंटाळवाणी असते. आपल्यापैकी जी कोर्टात बसली आहे तिला माहीत आहे, दिवसभरात वीस मिनिटं काम आणि बाकी बाकड्यावर बसून शिरस्तेदाराच्या तोंडाकडे बघणं.

आता हर्मिने ब्राउनश्टायनरकडे येते. ही सांगायला मला जड गेली, कारण ही बाई आरोपी आहे. पोलंडमधल्या मायदानेक छळछावणीत ती पहारेकरीण होती. नाल लावलेल्या बुटांनी बायकांना तुडवायची, म्हणून कैदी तिला 'घोडी' म्हणत. मुलांना गॅस चेंबरकडे पाठवण्यात तिचा हात होता. ऑस्ट्रियात आधी तिला दुसऱ्या छावणीतल्या गुन्ह्यांसाठी तीन वर्षांची शिक्षा झाली होती, ती लवकर सुटली, एका अमेरिकन माणसाशी लग्न करून न्यूयॉर्कमध्ये गृहिणी म्हणून राहिली. १९६४ मध्ये तेल अवीवमध्ये मायदानेकमधून वाचलेल्या काही बायका वीझेन्थालना भेटल्या आणि त्यांनी विचारलं, त्या घोडीचं काय झालं? तिथून शोध सुरू झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सचा बातमीदार तिच्या दारात उभा राहिला तेव्हा ती घराला रंग देत होती. शेजाऱ्यांचा विश्वास बसला नाही, इतकी चांगली बाई, म्हणे.

'बाईच बाईची वैरी' हे वाक्य आमच्या बैठकीत आलंच. शिक्षिकाबाईंच्या तोंडून. मला ते वाक्य आवडत नाही, तुम्हालाही आवडत नसेल. पण त्या दिवशी मी घाईनं ते खोडलं नाही. त्या बाईला हातात चाबूक आणि अंगात गणवेश एका राजवटीनं दिला, हे खरं. तो तिनं मनापासून वापरला, हेही खरं. बाईला जबाबदारीतून सूट मागून आपली चळवळ पुढं जाणार नाही.

तिला १९७३ मध्ये जर्मनीच्या ताब्यात दिलं. ड्युसेलडॉर्फचा मायदानेक खटला नोव्हेंबर १९७५ ते जून १९८१ चालला. ४७४ दिवसांचं कामकाज. एवढं होऊन जन्मठेप एकालाच झाली, ती हर्मिनेला. इतरांना थोडी थोडी वर्षं, काही सुटले. आणि साक्षीला आलेल्या बायकांचं काय झालं ते ऐका. एका पोलिश बाईंनी सांगितलं, की छावणीत असताना त्यांना विषारी वायूचे डबे वाहून न्यायला लावलं होतं. बचाव पक्षाचा वकील उठला आणि त्यानं मागणी केली, की हिनं खुनाला मदत केल्याचं कबूल केलंय, हिलाच अटक करा. कैदी म्हणून जिवंत राहिलेल्या बाईला, जर्मनीच्या कोर्टात, आरोपींच्या समोर. मागणी मान्य झाली नाही. पण ती ऐकून त्या बाईंवर काय गुदरलं असेल?

हे मी सांगितलं आणि खोलीत शांतता झाली. कारण हे आमच्याकडच्या प्रत्येकीला ओळखीचं होतं. छळछावणी आणि आपलं घरगुती कोर्टप्रकरण यांची मी तुलना करत नाहीये, तशी करूही नये. ओळखीची होती ती उलटतपासणीची युक्ती. तिच्यावर काय झालं हे विचारण्याऐवजी ती कोण आहे हे विचारायचं. आपल्या चळवळीची पिढी मथुराच्या निकालानंतर, १९७८ नंतर रस्त्यावर आली. बलात्काराच्या खटल्यात बाईचं चारित्र्य काढण्याची मुभा देणारं साक्ष कायद्याचं १५५(४) हे कलम काढून टाकायला २००३ साल उजाडलं. कलम गेलं, युक्ती गेली नाही.

आता कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रातल्या एका बाईची ४९८ अ ची केस कोर्टात उभी राहिली. ती आमच्याकडे दोन वर्षांत ११ वेळा आली होती. प्रत्येक वेळी मी वहीत नोंद केली होती. माझ्या अक्षरात. कोर्टात समोरच्या वकिलानं तिला विचारलं, पहिल्यांदा कधी मारलं? ती म्हणाली, दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर? कोणत्या हातानं? दिवा होता का? डॉक्टरकडे का गेली नाहीत? ती गोंधळली, रडायला लागली. वही मागवली. वहीत माझ्या अक्षरात ११ वेळा एकच लिहिलेलं होतं: 'वारंवार मारहाण. मानसिक तणाव. समुपदेशन केले.' एका ठिकाणी तिच्या मनगटावर पट्टी होती, मी डोळ्यांनी पाहिली होती, तेही लिहिलं नव्हतं. मास्टर्सची पदवी घेतलेल्या बाईनं लिहिलेली ही नोंद. आणि त्या दिवशी मी कोर्टात नव्हते. एका निधी देणाऱ्या संस्थेबरोबर बैठक होती, अहवाल सादर करायचा होता. ती एकटी उभी होती. तो सुटला. त्यानंतर ती एकदाच आली, आपली कागदं परत न्यायला. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे मी त्या शनिवारी सगळ्यांसमोर सांगितलं. कादंबरीतला पासपोर्ट छापणारा माणूस निव्वळ स्वार्थापायी फोटो आणि नाव जपतो. मी मायेनं ऐकत होते, आणि तारीख लिहीत नव्हते. 'ऐकून घेणं' शिकवतात तेव्हा लिहिणं म्हणजे कोरडेपणा असं आपल्याला वाटायला लागतं. बाई रडत असताना पेन काय उचलायचं. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "आम्ही पोराचं वजन ग्रॅममध्ये लिहितो. तुम्ही माराचं 'वारंवार' लिहिता?"

आता आमची वही बदलली आहे. तारीख, वार, वेळ. तिनं वापरलेले शब्द तिच्याच बोलीत. अंगावर काय दिसलं, कुठं, केवढं. घरात आणखी कोण होतं. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं आणि चुकलं असेल तर तिच्यासमोर दुरुस्त करून सही घ्यायची. हे काही मोठं नाही, पण याला वेळ लागतो. आणि काही बायकांना ते नकोही असतं, त्यांना त्या दिवशी फक्त बसायचं असतं. तेव्हा आम्ही फक्त बसतो, आणि 'आज बोलायचं नाही म्हणाली' एवढं तारखेसह लिहितो.

एक राहिलंच. टंकलेखिका काकू पाचही शनिवार जवळजवळ गप्प होत्या. शेवटी मी इर्मगार्ड फुर्खनरबद्दल सांगितलं. ही श्टुट्होफ छळछावणीच्या प्रमुखाची सचिव, वय १८-१९. पत्रं टाइप करायची. तिच्यावर खटला सुरू झाला २०२१ मध्ये. पहिल्या दिवशी ही वृद्धाश्रमातून टॅक्सी करून पळाली, काही तासांत सापडली. गुन्ह्याच्या वेळी वय लहान म्हणून ९६ वर्षांच्या बाईवर बाल न्यायालयात खटला. न्यायाधीश स्वतः छावणीची जागा बघून आले, तिच्या कचेरीतून काय दिसत होतं ते. डिसेंबर २०२२ मध्ये दहा हजारांहून जास्त खुनांना साहाय्य केल्याबद्दल दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. २०२४ मध्ये वरच्या कोर्टानं ती कायम केली. २०२५ च्या जानेवारीत ती मेली.

यावर आमच्यात एकमत झालं नाही. "आता काय उपयोग, म्हातारीला?" असं निम्म्याजणींचं म्हणणं. वकील मैत्रीण म्हणाली, शिक्षा नाममात्रच आहे, पण साक्षीदार अजून जिवंत होते, त्यांचं ऐकलं गेलं. मी तिच्या बाजूची आहे, पण पूर्ण खात्रीनं नाही.

काकू म्हणाल्या, "मी झोपडपट्टी हटवण्याच्या नोटिसा टाइप केल्यात. साहेब म्हणायचे, वाचायचं नाही, टाइप करायचं. पण टाइप करताना वाचलं जातंच." कोणीतरी म्हणालं, काकू, ते आणि हे एक नाही. त्या म्हणाल्या, "एक नाही, मला माहीत आहे. मी नुसतं सांगितलं."

आता सहावा शनिवार कशाचा, ते सांगून थांबते. भाऊ उठला नाही म्हणणारीची साक्ष पुढच्या महिन्यात आहे. वकील मैत्रिणीनं तिला आधी कोर्ट दाखवून आणलं. पिंजरा कुठं, न्यायाधीश कुठं बसतात, समोरचा वकील किती जवळ येतो. काय बोलायचं ते शिकवायचं नाही, ते तिचं आहे, तेवढं आम्ही पाळतो. त्या दिवशी आमच्यातल्या सात जणी बाकावर बसायला येणार आहेत. मी बैठक ठेवलेली नाही.

शनिवारी ती उठता उठता म्हणाली, "ताई, मध्येच पाणी मागितलं तर चालतं का?"

चालतं, मी म्हटलं. वकील मैत्रिणीकडे पाहिलं. तीही म्हणाली, चालतं, न्यायाधीशांना सांगायचं. तिनं ते आपल्या वहीत लिहून घेतलं.